रेडिएटर स्वच्छ झाला

माझ्या हातून दादाच्या ट्रॅक्टरचा रेडिएटर स्वच्छ झाला, ही गोष्ट खरी आहे. ती मी नाकारत नाही. इतका स्वच्छ रेडिएटर त्या भागात आजवर कुणाचा झाला नसेल. इतका स्वच्छ, की त्यात पाणीसुद्धा शिल्लक राहिना. पण लोक पहिलं वाक्य ऐकत नाहीत, शेवटचंच ऐकतात, आणि मग माझ्याकडे बघून हसतात. म्हणून म्हटलं, एकदा सगळं क्रमाने सांगावं.

दादाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्याचा डावा डोळा लहानपणापासून कच्चा. त्यामुळे जो काही डोळा होता तो हाच, आणि त्याच्यावर आता पट्टी. डॉक्टरांनी बजावलं होतं की वाकायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही, धुळीत जायचं नाही. दादाने फक्त एकच प्रश्न विचारला, "ट्रॅक्टर?" डॉक्टर म्हणाले, "ट्रॅक्टरवर बसलात तर डोळा गेला असं समजा." दादा बरं म्हणाला. पण वहिनींचा त्या 'बरं'वर काडीचा विश्वास नव्हता, कारण पंचवीस वर्षं त्या तेच ऐकत आल्या होत्या.

त्यांनी मला फोन केला. "भाऊजी, आठवडाभर रजा काढून या. सोमवारी ड्रायव्हर येतोय, दोन दिवसांत नांगरट उरकून जाईल. तोवर ह्यांना ट्रॅक्टरवर चढू द्यायचं नाही, एवढंच बघा. बाकी तुम्हाला काही करायचं नाही."

शेवटचं वाक्य मला लागलं. मी आमच्या ऑफिसात आवक-जावक टेबलावर सत्तावीस वर्षं बसतो. माझा नंबर पडल्याशिवाय साहेबांच्या टेबलावर कागद जात नाही. पण दादाच्या घरी माझी ख्याती काय, तर येतो, पेपर वाचतो, जेवतो, जातो. शेत दोघांचं, राबतो तो एकटा. दर वर्षी धान्याची पोती माझ्या दारात येऊन पडतात आणि मी ती पोचल्याचा फोन करतो. शेतीतलं माझं काम एवढंच. याची मला लाज वाटते. कुणाला सांगत नाही, पण वाटते.

तरी वहिनींना म्हटलं, "तुम्ही निर्धास्त राहा. दादा ट्रॅक्टरवर चढणार नाही. शब्द देतो."

गुरुवारी पोचलो. दादा ओसरीवर खुर्चीत बसलेला, डोळ्यावर हिरवं फडकं. बसलेल्या माणसावर पहारा करणं हे जगातलं सर्वांत कंटाळवाणं काम आहे. दुपारपर्यंत मी पेपर जाहिरातींसकट दोनदा वाचला. मग दादा म्हणाला, "ड्रायव्हर आला की त्याला सांग, सुरू करायच्या आधी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घाल म्हणावं. रोज."

"रोज का?"

"घालायचं. बारा वर्षं घालतोय."

आता हे उत्तर झालं का? आमच्या ऑफिसात कुणी असं बोललं तर मी विचारतो, कोणत्या नियमाखाली? धडधाकट यंत्राला रोज पाणी पाजावं लागतं, म्हणजे कुठेतरी मूळ दुखणं आहे आणि बारा वर्षांत कुणी त्याची फाईल उघडलेली नाही. मी आत जाऊन फळीवरचं ट्रॅक्टरचं माहितीपुस्तक काढलं. ते अजून ज्या पिशवीतून आलं त्याच पिशवीत होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की दर दोन वर्षांनी रेडिएटरमधलं सगळं पाणी काढावं, आतला गंज आणि क्षार धुवावेत, मग निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी भरावं. मी दादाला विचारलं, "रेडिएटर कधी धुतलास?" तो म्हणाला, "त्याला काय आंघोळ घालायची?"

झालं. मला काम मिळालं. सोमवारी ड्रायव्हर येईल, ट्रॅक्टर थंडगार चालेल, आणि वहिनी म्हणतील, भाऊजींनी एकट्याने केलं सगळं. दादाला आधी सांगायचं नाही असं ठरवलं आणि वहिनींनाही तसं बजावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच, पण ते नंतर कळतं.

शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'अनुभवाने सांगतो' इथून सुरू होतं. ते कुंपणाशी उभेच होते. "अनुभवाने सांगतो," ते म्हणाले, "नुसत्या पाण्याने काही होत नाही. गंज काढायची पावडर मिळते. पाण्यात टाकायची, वीस मिनिटं इंजिन चालवायचं, सगळी घाण बाहेर. एक पुडी टाका."

एक पुडी दोन वर्षांच्या गंजाला, असं पुडीवरच छापलं होतं. गंज बारा वर्षांचा. म्हणजे सहा पुड्या. त्रैराशिकात मी शाळेपासून कधी चुकलेलो नाही.

शुक्रवारी सकाळी दादा आतल्या खोलीत झोपलेला पाहून मी कामाला लागलो. रेडिएटरच्या तळाशी पाणी सोडायची एक तोटी असते. ती बारा वर्षांत कुणी फिरवली नव्हती, त्यामुळे तिलाही फिरायची इच्छा नव्हती. मी खाली आडवा पडून पान्याने जोर लावला. ती एकदम फिरली आणि आतलं पाणी माझ्या सदऱ्यावर आलं. रंग विचारू नका, पण ते पाहून मला आनंद झाला. केवढी घाण होती बघा. मग नवं पाणी भरलं, त्यात सहा पुड्या सोडल्या, आणि अनुभवींनी ट्रॅक्टर सुरू करून दिला, कारण मला तो सुरू करता येत नाही.

आतून दादाचा आवाज आला, "ट्रॅक्टर कोणी सुरू केला?"

वहिनी म्हणाल्या, "शेजाऱ्यांचा आहे."

 मग दादा म्हणाला, "शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरला आपल्या ट्रॅक्टरचा खोकला कधी लागला?"

एक डोळा झाकल्यापासून त्याचे कान फार तिखट झाले होते. तरी त्या दिवशी निभावलं. वीस मिनिटांनी घाण पाणी सोडलं, पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्याने धुतलं, अगदी पिता येईल असं नितळ पाणी येईपर्यंत. मग हिरवं कूलंट आणि पाणी निम्मं निम्मं मोजून काठोकाठ भरलं आणि झाकण लावलं. त्या रात्री मी दोन घास जास्त जेवलो. माझ्या आयुष्यातली शेवटची शांत झोप तीच.

शनिवारी सकाळी ट्रॅक्टरखाली हिरवं तळं होतं. वाकून पाहिलं तर रेडिएटरला पाच ठिकाणी थेंब. मी शिस्तीचा माणूस. प्रत्येक गळतीशेजारी खडूने नंबर टाकला. पाचवा टाकेपर्यंत सहावी सुरू झाली. दुपारपर्यंत नऊ झाल्या.

अनुभवी कुंपणावरून म्हणाले, "अनुभवाने सांगतो, घाबरू नका. अंडी फोडून टाका आत. पाणी तापलं की अंडं शिजतं आणि भोक बुजतं. एक-दोन पुरे."

"पण गळत्या नऊ आहेत."

"मग तुमचं तुम्ही बघा."

मी आता शहाणा झालो होतो. त्रैराशिक केलं नाही. नवातून एक कमी करून आठच घातली. ट्रॅक्टर सुरू झाला. पाच मिनिटांत चार, सात आणि नऊ नंबर बंद पडले. मला गहिवरून आलं. दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. अनुभवींनी इंजिन बंद केलं आणि त्यांना घरून कुणीतरी हाक मारल्याची आठवण झाली. मी आत काय झालं ते बघावं म्हणून झाकणावर टॉवेल टाकला.

ओसरीवरून दादाचा आवाज आला, "गरम असताना झाकण उघडू नकोस."

हा सल्ला उत्तम होता, पण तो पोचेपर्यंत झाकण फिरलं होतं. वाफेचा आणि हिरव्या पाण्याचा फवारा माझ्या डोक्यावरून गेला. भाजलो नाही, ते नशीब. चष्म्यावर मात्र शिजलेल्या अंड्याची झालर बसली. मी तसाच ओसरीवर गेलो. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

दादाने विचारलं, "काय काय घातलंस?"

"सहा पुड्या. आठ अंडी."

त्याने ते बोटांवर मोजलं. मग म्हणाला, "मीठ?"

मी मान खाली घातली. तो म्हणाला, "अरे, तो रेडिएटर कधीच गेलेला होता. आतल्या गंजानेच पाणी धरून ठेवलं होतं. थोडंसं झिरपायचं, म्हणून मी तांब्याभर घालायचो. झाकली मूठ होती. तू ती उघडून साबण लावून धुतलीस." त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो रागावलाच नाही. माझ्याकडून त्याने यापेक्षा वेगळी अपेक्षाच केली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं आणि मला रडू येईल असं वाटलं.

रविवारी सगळं बंद. सोमवारी सकाळी ड्रायव्हर आला. अत्यंत कमी बोलणारा माणूस. त्याने रेडिएटरसमोर उभं राहून खडूचे नंबर वाचले. "हे काय?" मी म्हटलं, "गळत्या." तो म्हणाला, "बरं." मग त्याने रेडिएटर उतरवून दिला. उतरवताना वरची रबरी नळी फाटली. "हीपण," तो म्हणाला आणि झाडाखाली जाऊन बसला.

मी रेडिएटर पोत्यात घालून बसने तालुक्याला नेला. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याने वरची टाकी उघडली, वास घेतला आणि हातातलं काम ठेवून दिलं. त्याने मागच्या दुकानातल्या माणसालाही बोलावलं.

"यात अंडी कोणी घातली?"

मी म्हटलं, "ट्रॅक्टर भावाचा आहे." हे खोटं नव्हतं.

"उद्या दुपारी या," तो म्हणाला. "आणि भावाला सांगा, अंडी खायची असतात."

राहिली नळी. ती फक्त कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळत होती. काउंटरवर एक तरुण, टापटिपीचा माणूस होता. तो म्हणाला, "ट्रॅक्टर कुणाच्या नावावर? मालकाचं सहीनिशी पत्र लागेल." मी म्हटलं, "अहो, हातभर नळी तर पाहिजे." तो म्हणाला, "नियम आहे." मी बसने परत गेलो, दादाची सही घेतली, बसने पुन्हा आलो. त्याने पत्र ट्रॅक्टर घेतानाच्या जुन्या कार्डावरच्या सहीशेजारी ठेवलं आणि मान हलवली. "सही जुळत नाही."

"त्यांच्या डोळ्याला पट्टी आहे. बघता येत नाही म्हणून सही हलली."

"मग तसा डॉक्टरांचा दाखला आणा."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. ही जागा, ही मान, हा आवाज माझ्या ओळखीचा होता. सत्तावीस वर्षांत मी किती माणसांना सही जुळत नाही म्हणून परत पाठवलं, त्यांत किती जणांचं शेत नांगरायचं राहिलं होतं, कुणास ठाऊक. मला त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी त्याचं काम चोख आहे असंही वाटत होतं. एवढा मी त्या नोकरीने वाया गेलो आहे.

रात्री हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "आणा तो कागद." त्यांनी दादाची सही केली. मंगळवारी सकाळी ती तंतोतंत जुळली. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "ते कार्ड मीच भरलं होतं. ह्यांना कधी वेळ असतो?"

नळी, दुरुस्त झालेला रेडिएटर आणि तो बसवायला रेडिएटरवाला, तिघांना घेऊन मी मंगळवारी दुपारी चारला घरी आलो. ड्रायव्हर झाडाखालून उठून कपडे झटकत होता.

"आता होईल सुरू," मी म्हटलं.

"माझे दोन दिवस झाले," तो म्हणाला. "उद्यापासून दुसरीकडे शब्द दिलाय."

"पण मग आमचं?"

"पंधरा दिवसांनी."

तो सायकलवर बसून निघून गेला. मी त्याच्यामागे फाटकापर्यंत पळालो. पंधरा दिवसांनी नांगरून काय करायचं? आभाळ भरून येत होतं. एकदा शेत भिजलं की चिखलात ट्रॅक्टर घालता येत नाही, म्हणजे ह्या वर्षाचं पीक हातचं गेलं. गावात चार घरं फिरलो. ज्याला ट्रॅक्टर येत होता तो स्वतःच्या नांगरटीत होता. अनुभवींना विचारलं तर ते म्हणाले, "अनुभवाने सांगतो, माझी कंबर धरते."

इकडे रेडिएटरवाल्याने काम सुरेख केलं. इंजिनच्या बाजूला पाणी सोडायची दुसरी तोटी होती, ती मला चार दिवसांत दिसली नव्हती. त्याने त्यातूनही घाण काढली. मग झाकण उघडं ठेवून, इंजिन चालू ठेवून हळूहळू भरत गेला. पातळी खाली गेली की थांबायचा, पुन्हा घालायचा. "घाई केली की आत हवा राहते," तो म्हणाला. "तुम्ही घाई केली असणार." मी म्हटलं, "भावाने केली." आता सवय झाली होती.

संध्याकाळी ट्रॅक्टर असा तयार झाला की एक थेंब गळेना, काटा हलेना. फक्त त्याच्यावर बसायला माणूस नव्हता.  जेवण वाढताना वहिनींनी फक्त दादाकडे पाहिलं, आणि दादा खिडकीतून ट्रॅक्टरकडे बघत होता.

बुधवारी सकाळी मला जाग आली ती ट्रॅक्टरच्या आवाजाने. मी अनवाणी बाहेर धावलो. दादा सीटवर होता. पट्टीवर त्याने काळा चष्मा लावला होता आणि तोंडाला टॉवेल गुंडाळला होता. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या त्याला सांगून थकलेल्या दिसत होत्या, आणि आता त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी जाऊन ट्रॅक्टरसमोर उभा राहिलो.

"बाजूला हो," दादा म्हणाला.

"नाही."

आयुष्यात दादाला नाही म्हणायची ही पहिली वेळ. 

"अरे, आभाळ बघ. नांगरट कोण करणार मग?"

"मी करतो."

दादाने इंजिन बंद केलं. आपण बरोबर ऐकलं का याची त्याला खात्री करायची असावी. "पुन्हा म्हण," तो म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. पहिल्यापेक्षा हळू.

दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांचं वर्णन मी करणार नाही, कारण ज्यांना हवं होतं ते सगळे येऊन बघून गेले. रस्त्यावर लोक थांबत होते. वाऱ्याच्या उलट्या बाजूला, बांधावरच्या झाडाखाली दादाची खुर्ची मांडली होती. त्याच्या उघड्या, कच्च्या डोळ्याला समोर धुरकट हिरवं-तपकिरी काहीतरी दिसत होतं, तेवढंच. तो कानाने मला चालवत होता. "गिअर खाली घे." "इंजिन रडतंय, नांगर जरा उचल." "आता वळ. वळ म्हटलं तर वळायचं, विचार करायचा नाही." शेजारी अनुभवी कंबरेवर हात ठेवून उभे राहून सांगत होते की मागे बघू नका, पुढे बघा. मी पुढे बघितलं की नांगर भरकटायचा आणि मागे बघितलं की ट्रॅक्टर.

प्रत्येक फेरीला दादा विचारायचा, "सरळ येतंय का?"

मी मागे बघायचो. सोडलेल्या दोरीसारखे तास, म्हणजे नांगराच्या रेघा, पडले होते. मध्येच कुठे एकात एक शिरले होते, कुठे वीतभर जमीन नांगरायचीच राहून गेली होती, आणि कोपऱ्यात मी अनुभवींच्या बांधाचा तुकडाही नांगरून टाकला होता.

"एकदम सरळ," मी ओरडून सांगायचो.

"शाबास," दादा म्हणायचा.

ते शाबास ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण काय करणार? खरं सांगावं तर तो उठून चढला असता. इंजिन मात्र दोन दिवस थंड राहिलं. गुरुवारी संध्याकाळी मी उतरलो तेव्हा मला उभं राहता येत नव्हतं, बसताही येत नव्हतं. शुक्रवारी पाऊस लागला.

त्यानंतर चार दिवसांनी डॉक्टरांनी पट्टी काढली. दादाने भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची बारीक ओळ वाचून दाखवली. डॉक्टर म्हणाले, "फार जपलंत डोळ्याला." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, आणि खरं सांगतो, त्या एका नजरेसाठी मी आणखी दोन शेतं नांगरली असती. येताना बस शेताजवळ आली तशी दादा म्हणाला, "इथेच उतरू." मी म्हटलं, "आधी घरी जाऊ, ऊन आहे." तो उतरलाच.

तो बांधावर उभा राहिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. मग नवा डोळा मिटून कच्च्या डोळ्याने बघितलं. मग पुन्हा नव्याने.

"डॉक्टरांना फोन लाव," तो म्हणाला.

मी लगेच फोन काढला. "का? दुखतंय का?"

"पट्टी परत बांधा म्हणावं."

वहिनी तोंड फिरवून हसू लागल्या. माझं तोंड कसं झालं होतं ते मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "दादा, मी तुला खोटं सांगितलं. सरळ येत नव्हतं."

"माहीत होतं."

"कसं?"

"सरळ चालवणारा माणूस एका फेरीत सात वेळा स्टिअरिंग ओढत नाही. मला ऐकू येत होतं."

"मग मला थांबवलं का नाहीस?"

दादा खाली उतरला, एक ढेकूळ उचललं आणि मुठीत फोडून बघितलं. "थांबवलं असतं तर मलाच चढावं लागलं असतं," तो म्हणाला. "तू हिला शब्द दिला होतास ना? मग हिला काय तोंड दाखवलं असतंस?"

 सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कुणी माझी अशी बाजू घेतली नव्हती. आणि ज्याने घेतली, त्याचं अख्खं शेत मी वाकडं करून ठेवलं होतं.